मखाण्याचा डावा डोळा

पर्युषणाचे आठ व्रताचे दिवस सुरू झाले आणि मखाण्याने डावा डोळा मिटून घेतला.

पहिल्या दिवशी पानीबाईंना वाटलं, झोपला असेल. दिवसा झोपणाराच जीव तो. दुसऱ्या दिवशी उजवा डोळा टक्क उघडा आणि डावा बंद, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "काय रे, डोळा मारतोस होय मला?" तिसऱ्या दिवशी मात्र तो तोंड दगडावर घासायला लागला. घासायचा, थांबायचा, पुन्हा घासायचा. पापणी फुगली होती आणि तिच्या कडेला पिवळट, चिकट असं काही साचलं होतं.

आता हा मखाणा कोण, ते सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मांजर समजून बसाल. मखाणा म्हणजे पाल. हो, पाल! दचकू नका, अक्कलकुव्याचा अर्धा बाजार आधीच दचकून झालाय. भिंतीवर चुकचुकते ती नव्हे. ही परदेशी जात, जमिनीवर चालणारी, लेपर्ड गेको म्हणतात तिला. वीतभर अंग, पिवळट पांढरा रंग, वर काळे ठिपके, आणि शेपूट गाजरासारखी जाड. आपल्या घरातल्या पालीला पापणी नसते, हिला असते. नाव ठेवलं आयुषीने, किशनलाल शेठच्या किराणा दुकानातल्या मखाण्यांच्या बरणीकडे बघून.

आयुषी ही किशनलाल आणि पानीबाईंची एकुलती एक लेक, सुरतेत नोकरीला. तिच्या मैत्रिणीला कॅनडाला जायचं होतं, तिने मखाणा हिच्या गळ्यात मारला. हिच्या घरमालकाने नाक मुरडलं. मग काय, उन्हाळ्यात बाईसाहेब काचेच्या पेटीसकट घरी हजर. "मम्मी, फक्त दोन महिने." दोन महिन्यांसाठी आलेली गोष्ट कधी दोन महिन्यांत गेली आहे का?

"जैनाच्या घरात किडे खाणारी पाल!" पानीबाई कडाडल्या होत्या. "त्यापेक्षा वाघ आण ना बाई, तो निदान अंगणात तरी बसेल." (घरात ती मंडळी मारवाडी बोलतात, आपण आपलं आपल्या भाषेत ऐकू.) पानीबाई म्हणजे पिठाच्या चाळणीत अळी निघाली तर ती कागदावर अलगद घेऊन मागच्या गल्लीत सोडून येणारी बाई. गिऱ्हाईक खोळंबलं तरी चालेल, अळी नीट पोचली पाहिजे.

पण झालं असं, की एका दुपारी पेटी पुसताना त्यांनी हात आत टाकला, आणि मखाणा सावकाश येऊन त्यांच्या तळव्यावर चढला. तळवा उबदार. त्याने पोट टेकलं, मान टेकली आणि दोन्ही पापण्या मिटल्या. तान्हं मूल मिटतं तशा. पानीबाई तशाच बसून राहिल्या. गॅसवर दूध उतू गेलं, तरी हलल्या नाहीत. त्या दिवसापासून "ती पाल" गेली आणि "आपला मखाणा" आला.

खाण्याचा प्रश्न राहिलाच. त्यावर तोड निघाली ती समोरच्या मीनाबाईमुळे. मीनाबाई रनाळ्याची, लग्न होऊन इकडे आलेली, समोरच्या ओट्यावर शिवणयंत्र चालवायची. ती म्हणाली, "शेठानी, तुन्हा घरमा नही चालत ना? मंग मन्हाकडे धाड त्याले जेवाले. आमले काय, आम्ही तं मच्छी बी खातंस." झालं! आयुषी सुरतेहून जिवंत अळ्या कुरियरने मीनाबाईच्या नावावर पाठवायची, मीनाबाई त्या कोंड्याच्या डब्यात ठेवायची, आणि एक दिवसाआड मखाणा छोट्या डब्यात बसून गल्ली ओलांडून बाहेर जेवायला जायचा. गल्लीतली पोरं ओरडायची, "मखाणाशेठ निघाले!" तेही सूर्य मावळायच्या आत, बरं का. रात्रीचा प्राणी, पण पानीबाईंच्या घरात रात्रीचं खाणं कसं चालेल? अर्धवट झोपेत बिचारा दोन अळ्या मटकावायचा आणि परत यायचा.

इथवर सगळं ठीक होतं. गडबड केली ती पानीबाईंच्या दयेने.

आयुषी जाताना दोन गोष्टी बजावून गेली होती. एक, पेटीत ओल्या कागदाची एक झाकणाची डबी कायम ठेवायची. कात टाकायच्या वेळी तो तिच्यात जाऊन बसतो. दुसरी, अळ्यांना एका डब्यातली पांढरी पावडर चोळूनच खायला घालायचं. चिमूटभर, पण न चुकता.

आता चातुर्मास लागला. पावसाळ्यात ओलीला बुरशी धरते, शेवाळ येतं, त्यात डोळ्यांना न दिसणारे किती जीव! पानीबाईंनी ती ओली डबी काढली, धुतली, वाळवली आणि कोरडी करून ठेवली. आणि पावडर? एका सकाळी त्यांनी किशनलालना चष्मा लावायला लावून डब्यावरचं बारीक अक्षर वाचून घेतलं. "फिश लिव्हर," किशनलाल म्हणाले आणि चष्मा काढला. माशाचं काळीज! घरात! तो डबा तीन पिशव्यांत गुंडाळून माळ्यावर गेला. मीनाबाईला सांगितलं, पावडर संपली. आयुषीला काहीच सांगितलं नाही.

आणि पर्युषण आलं तसं पानीबाईंनी मीनाबाईला हात जोडले, "हे आठ दिवस अळ्या नको गं. मखाणा अठाई करेल." अठाई म्हणजे आठ दिवसांचा उपवास. मीनाबाई तोंडावर पदर घेऊन हसली होती. पानीबाई मात्र स्थानकात, म्हणजे जैनांच्या प्रार्थनेच्या जागी, जाऊन चार जणींना कौतुकाने सांगून आल्या, आमच्याकडे पालसुद्धा तपस्या करते म्हणून.

आणि आता तिसऱ्याच दिवशी तपस्वी डोळा घासत होते.

पानीबाईंनी गुलाबपाण्याचा एक थेंब टाकून पाहिला. मखाण्याने अंग झटकलं आणि कोपऱ्यात जाऊन बसला. दुपारी आयुषीचा व्हिडिओ कॉल आला. "मखाणा कुठंय?" "झोपलाय बेटा," पानीबाई म्हणाल्या आणि फोन फिरवून त्याची पाठ दाखवली. आयुषी खुश झाली. फोन ठेवल्यावर पानीबाईंना स्वतःचाच राग आला. पर्युषणात खोटं बोलले, तेही पोटच्या पोरीशी!

"चला," त्या किशनलालना म्हणाल्या, "डॉक्टरकडे."

"आत्ता? व्याख्यान आहे स्थानकात."

"व्याख्यान उद्याही आहे. डोळा उद्या असेल का?"

किशनलालनी निमूट स्कूटर काढली. मागे पानीबाई, मांडीवर डबा, डब्यावर पदर.

हायवेला गुरांचा दवाखाना. डॉक्टर भाग्येश पाटील, ब्राह्मणपुरीचा तरुण पोरगा, नवाच. पुढे रायसिंग नावाचा माणूस शेळी घेऊन बसला होता. त्याने डब्यात डोकावलं आणि शेळीसकट दोन पावलं मागे सरकला.

"काकी," डॉक्टर म्हणाला, "खरं सांगतो, मी म्हशींचा डॉक्टर. पण माझा एक वर्गमित्र सुरतेत असलेच प्राणी बघतो. त्याला विचारून करतो, चालेल?"

"कर बाबा. तू विचारतोस तेच खूप झालं."

मित्र फोनवर आला. तो पलीकडून सांगत होता, हा करत होता. कोमट सलाइनमध्ये कापूस भिजवून त्याने पापणीवर धरला, सुटेपर्यंत धरून ठेवला. ओढलं नाही, खरवडलं नाही. पानीबाई मखाण्याला तळव्यात धरून बसल्या होत्या. मग पापणीखालून कांद्याच्या पापुद्र्यासारखं काहीतरी निघालं, आणि त्यामागे पू.

"ही कात," डॉक्टर म्हणाला. "मागच्या वेळी टाकली तेव्हा डोळ्यात अडकून राहिली. तिथे कुजली. काकी, याच्या पेटीत ओली डबी होती का?"

पानीबाईंनी मान खाली घातली.

"आणि जीवनसत्त्वाची पावडर?"

किशनलालनी घसा खाकरला आणि भिंतीवरच्या जर्सी गाईच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. शेवटी पानीबाईंनी सगळं सांगितलं. डबी, माळा, मासा, अठाई. सांगता सांगता रडायला लागल्या. "मी काय वाईट केलं रे? कुणाचा जीव जाऊ नये, एवढंच बघत होते."

पोरगा शहाणा होता, हसला नाही. "उपवासाचं मनाला लावून घेऊ नका. याच्या शेपटीत याची शिदोरी असते, आठ दिवसांनी काही होत नाही. पण ओल नाही म्हणून कात सुटली नाही, आणि पावडर नाही म्हणून डोळा आतून कमजोर झाला. दोन्ही एकदम आलं. गुलाबपाणी, तूप, मध, काही घालायचं नाही आता. हे थेंब सांगतो तसे घाला, घालायच्या आधी आणि नंतर हात धुवा. पाणी रोज बदला, पेटीत रेती नको, साधा कागद बरा. आणि दर कातीनंतर दोन्ही डोळे उजेडात बघायचे. पापणी चिकटली, सुजली, एक डोळा मिटून बसला, तोंड घासायला लागला, की लगेच आणायचं. तीन दिवस वाट बघायची नाही."

"डोळा वाचेल ना?"

"आज नाही सांगता येत. अंगात ताकद आली तर वाचेल. पण एका डोळ्याने याला अळी नीट दिसत नाही, स्वतः पकडणार नाही. हाताने भरवावं लागेल, रोज. पावडर लावून."

"रोज," पानीबाई म्हणाल्या. "पर्युषणात."

डॉक्टरने थेंबांची बाटली त्यांच्या हातात ठेवली. रायसिंगची शेळी ओरडली.

घरी आल्यावर पानीबाईंनी शिडी लावली आणि माळ्यावरचा डबा काढला. ओली डबी पेटीत परत ठेवली. संध्याकाळी मखाण्याला घेऊन मीनाबाईच्या ओट्यावर गेल्या आणि मखाण्याचा आणि पावडरीचा डबा तिच्या हातात देऊन, तोंड फिरवून उभ्या राहिल्या. तेवढ्यात मीनाबाई ओरडली. मखाणा तिच्या हातात थारेना. एरवी तो डब्यातच खायचा; आता दुखरा डोळा, हात ओळखीचा नाही. शेपूट थरथरवून सुटायला बघत होता.

"व माय! शेपूट टाकी दी हाऊ! शेठानी, तू धर त्याले. मी चिमटावरी भरवस."

पानीबाई वळल्या. मग हात पुढे केला. मखाणा त्यांच्या तळव्यावर आला आणि एकदम शांत बसला. मीनाबाईने अळी पावडरीत घोळवली, चिमट्यात धरली. पानीबाईंनी डोळे गच्च मिटले आणि ओठांत नवकार मंत्र म्हणू लागल्या. मखाण्याने तोंड मारलं, चुकलं. परत मारलं, परत चुकलं. पानीबाईंचा हात हलत होता, कलत होता.

"शेठानी," मीनाबाई म्हणाली, "त्याना एक डोया बंद शे. तू बी दोन्ही मिची लिना, तं त्याले कोन दखाडी?"

पानीबाईंनी डोळे उघडले.

अळी वळवळत होती. पिठात सापडते अगदी तशीच. त्यांनी हात स्थिर केला, मखाण्याचं तोंड जरासं डावीकडे वळवलं, म्हणजे चांगल्या डोळ्याला दिसेल. टप्. गेली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण हात हलला नाही. घरी येऊन त्या कितीतरी वेळ आसनावर बसून राहिल्या, जेवल्या नाहीत.

असंच रोज चाललं. सकाळ-दुपार थेंब, संध्याकाळी मीनाबाईचा ओटा. सूज थोडी उतरली, घासणं थांबलं, पण डोळा काही उघडेना. आयुषीला रोज "झोपलाय". स्थानकातल्या बायका विचारत, "कशी चाललीय हो अठाई?" पानीबाई म्हणत, "मोडली." आणि चपला घालून निघून येत.

आणि उजाडला संवत्सरीचा दिवस. पर्युषणाचा शेवटचा, वर्षातला सगळ्यात मोठा. पानीबाईंचा निर्जळी उपवास. त्यात सकाळीच मीनाबाई धावत आली. रनाळ्याला तिच्या भावाला बरं नव्हतं, मिळेल त्या गाडीने निघायचं होतं. पावडर, कोंड्याचा डबा आणि चिमटा तिने ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवला. "आते तूच देख वं," एवढं म्हणून ती गेली.

दिवसभर पानीबाई तो कोनाडा बघत होत्या. दुकानातून दिसायचा. एक दिवस नाही खाल्लं तर काय होतं, असं मन म्हणायचं; मग पेटीकडे बघितलं की मन गप्प बसायचं. उन्हं कलली. स्थानकात प्रतिक्रमणाला, वर्षभराच्या चुकांची कबुली देणाऱ्या प्रार्थनेला, जायची वेळ होत आली. शेवटी त्यांनी मखाण्याचा डबा उचलला, गल्ली ओलांडली आणि मीनाबाईच्या ओट्यावर एकट्या जाऊन बसल्या. एका हातात मखाणा, दुसऱ्या हातात चिमटा. कोंड्याच्या डब्याचं झाकण काढायला तिसरा हात नव्हता, आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता.

पावलं वाजली. किशनलाल. पांढरे कपडे, स्थानकाला निघालेले. पानीबाईंना वाटलं, आता हे बोलणार. आजच्या दिवशी, गल्लीत, सगळ्यांदेखत!

किशनलाल शेजारी बसले. झाकण काढलं. "दे, चिमटा मी धरतो. तू त्याला धर."

"नाही," पानीबाई म्हणाल्या. "डबी मी काढली, पावडर मी लपवली. चिमटा मीच धरणार. तुम्ही त्याला घ्या."

"मला घाबरतो तो."

पानीबाईंनी आपल्या पदराचं टोक त्यांच्या तळव्यावर अंथरलं आणि त्यावर मखाण्याला ठेवलं. मखाण्याने जीभ काढून पदर चाटला, इकडे तिकडे मान फिरवली आणि पोट टेकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पदर असा धरून दोघं ओट्यावर बसल्याचं गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. समोरचा पानवाला तंबाखू मळायचा थांबला.

"पाप निम्मं निम्मं," किशनलाल हळूच म्हणाले.

"गप्प बसा हो," पानीबाई म्हणाल्या, आणि त्यांना हसू आणि रडू एकदम आलं.

त्यांनी अळी उचलली. पावडरीत घोळवली. संवत्सरीला सगळे सगळ्यांची क्षमा मागतात, "मिच्छामि दुक्कडम्" म्हणतात. माझ्याकडून काही चुकलं असेल तर ते माफ व्हावं. लहान मोठ्यांना म्हणतात, मोठे लहानांना म्हणतात, वर्षभर अबोला धरलेलेही म्हणतात. पानीबाई चिमट्यातल्या अळीला म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्." मोठ्याने, स्पष्ट. मग मखाण्याला म्हणाल्या. मग अळी त्याच्या तोंडाशी नेली.

मखाण्याने मान तिरकी केली. नेहमीसारखी डावीकडे नाही, उजवीकडे. डावी पापणी थरथरली आणि रेघेएवढी उघडली. आत ओलसर, करडा डोळा होता. लालसर, पण होता. त्याने अळीकडे बघितलं, मग वर पानीबाईंकडे बघितलं, आणि टप् करून अळी घेतली. पहिल्याच झटक्यात.

"अहो! बघितलं का? बघितलं त्याने मला!"

"बघितलं गं, बघितलं," किशनलाल म्हणाले. त्यांनी हात तसाच उचलून धरला.

पानीबाईंनी तिथूनच आयुषीला फोन लावला. ती पलीकडून "मिच्छामि दुक्कडम् मम्मी" म्हणायच्या आतच त्या म्हणाल्या, "थांब. आधी मी." आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. आयुषी म्हणाली, "मम्मी, तू चिमटा धरलास? तू? आज?"

"मग काय तुझ्या बापाने?" पानीबाई म्हणाल्या. "माझा पदर नसता, तर त्यांच्या हातात बसला असता का तो?"

मखाण्याला पेटीत ठेवून दोघं स्थानकात पोचले, तेव्हा प्रतिक्रमण सुरू झालं होतं. पानीबाई बायकांमध्ये आपल्या जागेवर बसल्या. चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या सगळ्या जीवांची क्षमा मागायची जागा आली. आयुष्यभर त्यांनी ती ओळ एका दमात म्हटली होती, तोंडपाठ, चूक नाही की अडखळणं नाही. आज बाकीच्या बायका पुढे म्हणत गेल्या आणि पानीबाई तिथेच, त्या चिमट्यातल्या अळीपाशी, थांबल्या. त्यांचे ओठ हलत होते, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि पुढची ओळ काही केल्या येईना. शेजारच्या बाईला वाटलं, निर्जळी उपवासाने भोवळ आली. तिने पानीबाईंचा हात घट्ट धरला.